पडणं, उतरणं आणि ‘अकुशल’ नावाची शिवी

‘आपल्या लोकांना बेसिक फिजिक्ससुद्धा कळत नाही!’ हे वाक्य ऑफिसच्या कँटीनमध्ये दर पंधरा दिवसांनी एकदा तरी कानावर पडतं. बोलणारा बहुधा इंजिनिअर असतो आणि त्याच्या हातात फोन असतो. फोनवर कुठलातरी व्हिडिओ चालू असतो, त्यात कुणीतरी माईक घेऊन रस्त्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो की जड वस्तू आधी खाली पडेल की हलकी? बिचारा माणूस म्हणतो, जड. झालं! टेबलावर हशा, आणि मग देशाच्या शिक्षणपद्धतीवर पंधरा मिनिटांचं प्रवचन.

या हशाचा मला मनापासून कंटाळा आलाय. आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी त्या हसणाऱ्यांची बाजू मान्य करतो, नाहीतर म्हणाल हा एकतर्फी बोलतोय. तोंडी परीक्षेत माणसं खरोखरच नापास होतात. मायकेल मॅक्लॉस्की या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. चालत्या माणसाच्या हातातून चेंडू सुटला तर तो कुठे पडेल, असा साधा प्रश्न. चेंडूला माणसाचा पुढे जायचा वेग मिळालेला असतो, त्यामुळे तो पुढे जात जात वक्र रेषेत पडतो. पण बऱ्याच सुशिक्षित लोकांनी सांगितलं की तो जिथे सुटला तिथून सरळ खाली पडेल. म्हणजे कागदावर आपण कच्चे आहोत, हे खरं.

(जाता जाता : हवेत दगड आणि पीस एकदम सोडलं तर दगडच आधी पडतो. दोन्ही एकदम पडायला हवा नसलेली जागा लागते. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून ते दाखवलं. कोथरूडच्या फुटपाथवर उभा असलेला माणूस चंद्रावर उभा नाहीये, त्यामुळे त्याचं उत्तर तुम्ही समजता तितकं बावळट नाही.)

पण मंडळी, कागदावर कच्चा म्हणजे अडाणी, हे समीकरण कुणी मांडलं?

आमच्या ऑफिसच्या खिडकीतून समोरची एक साइट दिसते. छोटी इमारत आहे, हॉइस्ट वगैरे काही नाही. विटा वरच्या मजल्यावर न्यायची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे : एक बिगारी खालून वीट फेकतो, दुसरा वर स्लॅबच्या कडेला उभा राहून झेलतो. एक, दोन, तीन... गप्पा मारत मारत शंभर. आता हे काम जरा इंजिनिअरच्या नजरेनं बघू. गणित अकरावीचंच आहे, घाबरू नका.

खालच्याच्या हातापासून वरच्याच्या हातापर्यंत अंतर धरा ३ मीटर. वीट तिथपर्यंत जेमतेम पोहोचायला सुटताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ७.७ मीटर हवा, म्हणजे ताशी २७-२८ किलोमीटर. वर पोहोचायला तिला ०.७८ सेकंद लागतो. आणि वर पोहोचल्यावर गंमत होते. शेवटच्या ५ सेंटिमीटरमध्ये वीट इतकी मंदावते की तेवढ्या पट्ट्यात ती चढताना-उतरताना मिळून ०.२ सेकंद रेंगाळते. वरचा माणूस तिला ‘पकडत’ नाही, थांबलेली असताना उचलून घेतो! तीन किलोच्या आसपास वजनाची वस्तू, आणि हाताला धक्का जवळपास शून्य.

आता खालच्यानं १० टक्के जोर जास्त लावला तर? वीट त्याच ३ मीटरवर ०.५ सेकंदातच हजर होते, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त आधी. शिवाय ती तिथे थांबलेली नसते, ताशी १२-१३ किलोमीटरनं वर निघालेली असते, थेट झेलणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेनं. आणि १० टक्के जोर कमी पडला तर? वीट अर्ध्या मीटरहून जास्त खालीच थांबते आणि फेकणाऱ्याच्या डोक्यावर परत येते. म्हणजे या माणसाला दर फेकीला वेग काही टक्क्यांच्या आत ठेवायचा आहे आणि तोही दिवसभर, उन्हात. एखादी वीट ओली म्हणून जड, एखादी कोपरा तुटलेली म्हणून हलकी. त्यानं वीट हातात घेतली की हिशोब बदलतो. त्याला विचारा गुरुत्वीय त्वरण किती, तो तुमच्याकडे बघून हसेल आणि पुढची वीट उचलेल.

किमान वेतनाच्या तक्त्यात कामगारांचे वर्ग असतात : कुशल, अर्धकुशल, अकुशल. गवंडी कुशल. हा विटा फेकणारा बिगारी कुठे? अकुशल.

अकुशल!

इथे लगेच एक आक्षेप येतो, मला तो तोंडपाठ आहे : ‘अरे, ते काय ज्ञान आहे का? रिफ्लेक्स असतात रे ते, कुत्रासुद्धा बॉल झेलतो.’ ठीक आहे. मग रिफ्लेक्स म्हणजे काय ते बघू. रिफ्लेक्स म्हणजे काहीतरी घडतं आणि त्यानंतर शरीर प्रतिसाद देतं. गरम तव्याला बोट लागलं, हात मागे. घटना आधी, हालचाल मग. पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हे चालतच नाही, कारण डोळ्यानं पाहिलेलं हाताच्या हालचालीत उतरायला साधारण ०.२ सेकंद जातो. चार फुटांवरून सोडलेला चेंडू एकूण अर्धा सेकंद हवेत असतो, आणि त्यातल्या शेवटच्या ०.२ सेकंदात तो पाऊण मीटरहून जास्त अंतर कापतो. म्हणजे तुमच्या हाताकडे जी बातमी असते ती शिळी असते. पाहून मग करायचं ठरवलं तर चेंडू जमिनीवर.

बरं, शिळी बातमी घेऊन पुढचा अंदाज बांधला तर? समजा मेंदूनं चेंडूचा त्या क्षणाचा वेग पाहिला आणि ‘याच वेगानं येतोय’ असं धरलं. तर अंदाज ०.०७ सेकंदानं चुकतो. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्या वेळात चेंडू हात ओलांडून फूटभर पुढे गेलेला असतो. म्हणजे झेल घ्यायला वेग कळून भागत नाही, वेग कसा वाढत जाणार हेही आधीच ठाऊक असावं लागतं. आणि गोम अशी की आपल्या डोळ्याला वेग बऱ्यापैकी कळतो, पण वेगातली वाढ फार वाईट कळते. मग हे त्वरण येतं कुठून?

याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञ थेट अवकाशात गेले. एप्रिल १९९८ मध्ये कोलंबिया यान न्यूरोलॅब नावाची मोहीम घेऊन गेलं. फ्रान्स आणि इटलीतल्या संशोधकांच्या गटाचा (मॅकिंटायर, झागो, बर्थोझ, लाकानिती) त्यात एक प्रयोग होता. तसा अगदी पोरखेळ : अंतराळवीरानं बसायचं, वरून एक चेंडू खाली सोडला जाईल, तो झेलायचा. जमिनीवर असा चेंडू येता येता वेग घेतो. यानात वजनरहित अवस्था, त्यामुळे तिथे तो ज्या वेगानं सुटला त्याच वेगानं येत राहतो. काय झालं? अंतराळवीरांचे हात चेंडूच्या आधीच तयार व्हायला लागले. हात अशा चेंडूची वाट बघत होते जो पृथ्वीवर पडतोय आणि वेग घेतोय. तसा चेंडू तिथे नव्हताच. बरेच दिवस यानात काढूनही ही घाई पूर्ण गेली नाही. २००१ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

आता यातला माझा मुद्दा बघा. अंतराळवीरांना माहीत नव्हतं का की इथे वजन जाणवत नाही? ते स्वतः तरंगत होते! त्यांच्याइतकी ही गोष्ट कुणाला पक्की माहीत असणार? पण डोक्यातली माहिती हातापर्यंत पोहोचली नाही, कारण हाताकडे स्वतःची वेगळी माहिती होती. लाकानिती आणि मायोली यांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं की चेंडू कितीही उंचीवरून सोडा, झेलणाऱ्याचे स्नायू चेंडू हातावर आदळायच्या साधारण एक दशांश सेकंद आधी घट्ट व्हायला लागतात. उंची बदलली, वेग बदलला, तरी टायमिंग तेच. २००५ मध्ये मेंदूच्या स्कॅनमधून असंही दिसलं की पडद्यावरची वस्तू गुरुत्वाकर्षणाला धरून हलली की शरीराचा तोल सांभाळणाऱ्या भागात हालचाल होते, उलट्या त्वरणानं हलली की तशी होत नाही. थोडक्यात काय, तर ९.८ हा आकडा आपल्या प्रत्येकाच्या आत कुठेतरी भरलेला आहे. आकड्याच्या रूपात नाही, इतकंच.

याचा पुरावा मी एका मीटिंगमध्येही पाहिलाय. एका मोबाईल गेमचा डेमो चालला होता : झाडावरून नारळ पडतात, खाली टोपलीत झेलायचे. काहीतरी खटकत होतं आणि सहा इंजिनिअर रंग, सावली, फ्रेमरेट यावर वाद घालत होते. चहा घेऊन आलेले पँट्रीतले काका क्षणभर पडद्याकडे बघत थांबले आणि म्हणाले, “सर, हा नारळ पडत नाहीये. उतरतोय.”

नारळाचा वेग कोडमध्ये स्थिर ठेवलेला होता. लिफ्टसारखा. काकांचं शिक्षण किती ते मला माहीत नाही, पण ‘पडणं’ आणि ‘उतरणं’ यातला फरक त्यांना एका नजरेत दिसला. आणि मराठीनं हा फरक आधीच दोन क्रियापदांत करून ठेवलाय हे आम्हाला तोवर सुचलंही नव्हतं.

आता दुसरा आक्षेप, आणि हा जरा वजनदार आहे : ‘हे सगळ्यांच्याच आत असेल तर मग बिगाऱ्याचं कौतुक कसलं? तो आणि मी सारखेच.’ बरोबर विचारलंत. किम आणि स्पेल्की यांनी १९९२ मध्ये तान्ह्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की सात महिन्यांच्या बाळाला उतारावर चेंडू सावकाश होताना दिसला तर ते वेगळं वाटतं, पाच महिन्यांच्या बाळाला नाही. म्हणजे पाया सर्वांना, लवकर आणि फुकट मिळतो. मान्य.

पण गळा तर सगळ्यांनाच असतो, म्हणून सगळे भीमसेन होतात का? पाया असणं वेगळं आणि त्यावर इमारत उभी करणं वेगळं. सागरगोटे आठवा. एक सागरगोटा वर फेकायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचा झेलायचा. एक फूट वर फेकलात तर हातात जवळजवळ अर्धा सेकंद असतो. दोन फूट फेकलात तर एक सेकंद मिळेल असं वाटतं ना? मिळतो फक्त ०.७. उंची दुप्पट केली की वेळ दीडपटसुद्धा होत नाही, आणि सागरगोटा भरकटायची भीती मात्र वाढते. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना हे वर्गमूळ कुणी शिकवलं नव्हतं. तरी त्या उगाच उंच फेकत नसत. नेमका लागेल तेवढाच वेळ हवेतून उसना घेत. आज तुम्ही प्रयत्न करून बघा. पाया तुमच्याकडेही आहे, सात महिन्यांचे असल्यापासून. दोन गोटे उचलून दाखवा.

तर कौशल्य म्हणतात ते याला. सर्वांकडे असलेल्या अंदाजाला हजारो वेळा घासून, ठरावीक वस्तूला, ठरावीक अंतराला, ठरावीक चुकीला बसवणं. आणि हेच कौशल्य पांढऱ्या कपड्यात, हिरवळीवर दिसलं की आपण त्याला काय म्हणतो? टायमिंग! उंच उडालेल्या कॅचखाली धावणाऱ्या फिल्डरचं आपण तोंड भरून कौतुक करतो. बॅट्समनबद्दल तर लँड आणि मॅक्लिऑड यांनी २००० मध्ये नजरेच्या हालचाली मोजून दाखवलं की तो चेंडूवर सतत नजर ठेवतच नाही. चेंडू हातातून सुटताना पाहतो आणि मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन बसते. चांगला बॅट्समन ही उडी आणखी लवकर मारतो. म्हणजे त्याचीही कमाई पुढचं आधी जाणण्याची. त्या जाणण्याला कोट्यवधी रुपये, लिलाव, जाहिराती. बिगाऱ्याच्या तशाच जाणण्याला ‘अकुशल’. दोघांच्या मोबदल्यात फरक असावा हे मला समजतं, क्रिकेट बघायला लोक पैसे देतात, विटा बघायला देत नाहीत. पण शब्दात फरक का? एकाला कला आणि दुसऱ्याला कौशल्याचा अभाव?

आपल्या धंद्यातल्या लोकांनी तर याबद्दल बोलताना जास्तच लाज बाळगायला हवी. कारण आपल्यालाच ठाऊक आहे की हे किती अवघड आहे. हान्स मोरावेक या रोबोटिक्सवाल्यानं १९८८ मध्येच लिहून ठेवलं की मशीनला चेकर्स खेळायला शिकवणं सोपं, पण वर्षभराच्या मुलाइतकं बघणं आणि हालणं शिकवणं महाकठीण. आज कोड लिहून देणारी, कविता पाडणारी, कायद्याचे मसुदे करणारी सॉफ्टवेअर आपल्या लॅपटॉपवर आहेत. समोरच्या साइटवर मात्र वीट अजून माणूसच झेलतोय. ज्याला आपण कुशल म्हणायचो ते काम मशीन आधी शिकलं, आणि ‘अकुशल’ राहिलं मागे! निदान आता तरी हा तक्ता कुठल्या मापानं बनवला होता हा प्रश्न पडायला हरकत नाही.

माप काय होतं ते उघड आहे. जे लिहून दाखवता येतं, ज्याचं सर्टिफिकेट निघतं, ते ज्ञान. बाकी सगळी सवय. हे माप विज्ञानाचं मुळीच नाही. विज्ञानाचा इतिहास उलटंच सांगतो. गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात पडणाऱ्या वस्तूचा नियम मांडला, पण सरळ पडणारी वस्तू मोजण्याइतकं चांगलं घड्याळ त्याच्याकडे नव्हतं. म्हणून त्यानं गोळा उतारावर सोडून पडणं सावकाश करून घेतलं आणि भांड्यातून गळालेल्या पाण्याचं वजन करून वेळ मोजला. या माणसाची महती मोजण्यात आहे. पण त्यानं मोजायच्या कितीतरी आधीपासून माणसं झेल घेत होती, आणि तेही अचूक. हाताला ठाऊक असलेलं शब्दात आणणं हा पराक्रम आहेच. म्हणून हाताला काही ठाऊकच नव्हतं असं कोण म्हणेल?

एक गैरसमज नको. विटा फेकून वर चढवणं ही सुंदर लोककला आहे आणि ती जपली पाहिजे, असलं काही मी म्हणत नाहीये. हे काम धोक्याचं आहे. डोक्यावर हेल्मेट नाही, स्लॅबच्या कडेला कठडा नाही, आणि एक फेक चुकली तर काय होतं ते वर गणितानं सांगितलंच आहे. तिथे हॉइस्ट हवा, आजच्या आज हवा. उलट ‘अकुशल’ या शब्दाचा खरा उपयोग इथेच होतो : काम अकुशल म्हटलं की माणूस बदलता येतो, स्वस्त पडतो आणि मग हॉइस्टचा खर्च कशाला, असा हिशोब सोपा जातो. शब्द नुसता अपमान करत नाही, कॉन्ट्रॅक्टरचे पैसेही वाचवतो.

मग करायचं काय? २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच्या अनुभवातून आलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची तरतूद ठेवली गेली. कल्पना चांगली आहे, फक्त अशी परीक्षा हातांची घ्या, तोंडाची नको. आपल्यापैकी पुष्कळांच्या सोसायट्यांचं रिडेव्हलपमेंट चालू आहे किंवा होऊ घातलंय. बिल्डरबरोबरच्या मीटिंगमध्ये आपण टाइल्सच्या ब्रँडवर दोन तास भांडतो. तिथे एकदा विचारा, विटा वर कशा जाणार? हॉइस्ट कुठे आहे? वरच्या माणसाला कठडा आणि हेल्मेट आहे का? खालच्याची नोंद कुठल्या वर्गात आहे? विचारायला काही पैसे पडत नाहीत. सभासद म्हणून तो आपला हक्कही आहे.

आणि कँटीनमध्ये कुणी तो माईकवाला व्हिडिओ लावलाच, तर त्याच्याकडे एक पेपरवेट न सांगता हळूच उडवा. तो बोलता बोलता झेलेल. मग त्याला विचारा, किती त्वरण धरलं होतंस रे?